गंजलेली अवजारं साफ करताना: क्रम, प्रमाण आणि हमखास होणाऱ्या चुका

विळा ॲसिडात टाकला, तासाभरात चकचकीत निघाला, पाण्याने धुऊन ओट्यावर ठेवला. दिवेलागणीला बघावं तर पातं पुन्हा पिवळं. गंज काढायला बसलेल्या बहुतेकांचं काम इथेच फसतं. गंज काढणं अवघड नाही. पण तो निघाला की खालचं लोखंड उघडं पडतं, आणि त्यावर तेल चढेपर्यंतचा अर्धा तास सांभाळणं हेच खरं काम आहे. दुसरी चूक त्याच्याही आधीची असते. तेलकट, मातीने माखलेलं अवजार तसंच द्रावणात जातं आणि मग गंज कुठे निघतो, कुठे राहतो.

खाली दिलेला क्रम विळा, कोयता, कुऱ्हाड, खुरपं, पावडं, पटाशी, रंधा, करवत, पाना, पक्कड अशा हाताच्या अवजारांसाठी आहे. खानदेशात या कामाला आखाजी (अक्षय्य तृतीया) ते मृग हा काळ सगळ्यात चांगला. हवा कोरडी असते, ऊन फुकट मिळतं आणि पेरणीआधी अवजार तयार होतं. श्रावणात करायचं असेल तर एका वेळी एकच अवजार घ्या, कारण दमट हवेत ओलं लोखंड तुमच्या डोळ्यांदेखत रंग बदलतं.

## १. आधी अवजार ओळखा

हाती घेतलेल्या प्रत्येक अवजाराबद्दल तीन गोष्टी ठरवा.

पहिली, गंज कोणत्या जातीचा आहे. बोटाला नारिंगी भुकटी लागते तो वरवरचा गंज. पापुद्रे सुटतात तो मुरलेला. पापुद्रा काढल्यावर खाली खड्डे दिसले तर तिथलं लोखंड गेलेलं आहे. गंज काढल्याने खड्डा भरून येत नाही, तो फक्त स्वच्छ होतो. काळा, गुळगुळीत, बोटाला न लागणारा थर मात्र गंज समजू नका. रावेर-यावलकडे केळीचे घड काढणाऱ्या कोयत्यांवर केळीच्या चिकाने असाच काळपट थर धरतो. तो राहू द्या. त्याला घासून पांढरं करण्यात काही मिळत नाही.

दुसरी, अवजाराला तडा आहे का. कुऱ्हाड किंवा हातोडा दोरीला टांगून लहान हातोडीने टोला द्या. आवाज टणटणीत आला तर चांगलं, फुटक्या मडक्यासारखा बद्द आला तर संशय धरा. खात्री करायची असेल तर त्या जागी डिझेल लावून दहा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि वरून पांढऱ्या खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. अशा अवजारावर पुढची मेहनत घेऊ नका. तडा गेलेला हातोडा कामात फुटला तर त्याचा तुकडा डोळ्यात जातो.

तिसरी, त्यावर मुलामा आहे का. जस्ताचा मुलामा असलेली वस्तू आंबट द्रावणात टाकली तर गंजाआधी जस्तच निघून जातं. चकचकीत क्रोमच्या पान्याला द्रावणाची गरजच नसते. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा, क्रोमला ओरखडा न पडता गंजाचे ठिपके निघतात.

थांबा आणि बघा: दांडा काढता येतो का? येत असेल तर काढा. न निघणारा दांडा कुऱ्हाडीसकट चुलीत घालून जाळायची जुनी सवय आहे, ती सोडा. पोलाद निळसर होईपर्यंत तापलं, म्हणजे साधारण ३०० अंशांवर गेलं, की धारेचं पाणी उतरतं. मग ती कुऱ्हाड कितीही पाजवली तरी धार टिकत नाही. दांडा नेढ्यालगत, म्हणजे तो बसतो त्या भोकालगत, करवतीने कापा आणि आतला तुकडा खालून लोखंडी गजाने ठोकून बाहेर काढा. हातमशीनचं ग्राइंडर एकाच जागी टेकवून धरल्यावरही हेच नुकसान होतं.

## २. सामान मांडून ठेवा

द्रावणातून अवजार बाहेर आल्यावर तेलाची बाटली शोधत फिरायला वेळ नसतो. म्हणून सगळं आधीच हाताशी हवं.

- सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात लिंबाचं सत किंवा लिंबूफूल म्हणून मागा. अर्धा किलोत मोठं काम होतं.
- खाण्याचा सोडा २०० ग्रॅम, धुण्याचा सोडा अर्धा किलो. हे दोन वेगळे सोडे आहेत, एकाच्या जागी दुसरा वापरू नका.
- प्लास्टिकच्या दोन बादल्या. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, आंबट द्रावण आणि धुण्याचा सोडा दोन्ही त्याला खातात.
- तारेचा ब्रश, जुना दात घासायचा ब्रश, पितळी तारांचा लहान ब्रश.
- वॉटर पेपर १२०, २२०, ४०० नंबर.
- अर्धा लिटर डिझेल, शिलाई मशीनचं तेल, सुती चिंध्या.
- रबरी हातमोजे आणि चष्मा. तारेच्या ब्रशची तुटलेली तार उडते, तेव्हा चष्म्याला पर्याय नाही.

पाण्याकडेही लक्ष द्या. बोअरचं पाणी जड असेल तर सुकताना पांढरे डाग सोडतं आणि त्या डागांखाली ओल धरून राहते. द्रावण बोअरच्या पाण्यात चालेल. शेवटचं धुणं मात्र जारच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करा.

धोका: ठिबकच्या नळ्या साफ करायला आणलेलं ॲसिड किंवा संडास धुण्याचं ॲसिड यात वापरू नका. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं. त्याची वाफ खोलीतल्या बाकीच्या अवजारांवर बसते आणि दोन दिवसांत तीही गंजतात. टणक पोलाद, पातळ करवती आणि स्प्रिंगा अशा तेज ॲसिडाने आतून ठिसूळ होऊन तडकू शकतात.

## ३. आधी तेल-माती, मग गंज

ही पायरी दहातले नऊ जण गाळतात आणि मग द्रावणाला दोष देतात. जुनं ग्रीस, ऑइल, डिंक, चीक यांच्या थराखाली द्रावण पोहोचतच नाही. अवजार बाहेर येतं तेव्हा त्यावर ठिगळं दिसतात.

१. सुकलेली माती लाकडी पट्टीने खरवडा, मग तारेच्या ब्रशने सुटे पापुद्रे झाडा. जेवढा गंज कोरडा निघेल तेवढं द्रावण वाचतं.

२. तेलकट जागा डिझेलच्या चिंधीने पुसा. विस्तव, बिडी, चूल जवळ नको.

३. गरम पाण्यात भांडी घासायचा साबण आणि लिटरमागे एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून अवजार घासा. खाचा आणि सांधे दात घासायच्या ब्रशने.

४. साध्या पाण्याने धुवा.

तपासणी: पात्यावर पाणी ओता. पाण्याचा सलग पातळ पडदा झाला तर तेल गेलं. पाणी थेंबाथेंबाने सुटं झालं तर तेल अजून आहे, पुन्हा घासा. ही तपासणी जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ४. लिंबूफुलाचं द्रावण

प्रमाण सोपं आहे: एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम. आठ लिटरच्या बादलीला ४०० ग्रॅम. दुप्पट टाकल्याने काम दुप्पट वेगाने होत नाही, पण चांगलं लोखंड जास्त करडं पडतं. पाणी कोमट घ्या. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात बादली उन्हात ठेवली तरी पुरतं, पण तेव्हा वेळही कमी धरा.

अवजार पूर्ण बुडालं पाहिजे. अर्धं आत, अर्धं बाहेर राहिलं तर पाण्याच्या पातळीवर लोखंड रेघेसारखं खाल्लं जातं, आणि ती रेघ पॉलिश पेपरनेही जात नाही. करवत किंवा पहार बादलीत मावत नाही तेव्हा शेतातला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या. एका तोंडाला टोपण चिकटवा, भिंतीला उभा बांधा आणि त्यात द्रावण भरा. एक मीटर पाइपात साधारण साडेआठ लिटर मावतं.

लाकडी मूठ रिव्हेटने पक्की असेल तर ते अवजार बुडवू नका. द्रावण मुठीखाली शिरतं, तिथे अडकतं आणि गंज आतून वाढत जातो. अशा पात्यावर द्रावणात भिजवलेलं फडकं गुंडाळा, वर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि फडकं सुकू देऊ नका.

किती वेळ? वरवरच्या गंजाला एक ते दोन तास, मुरलेल्याला सहा ते आठ. दर तासाला बाहेर काढा, ब्रश मारा, परत टाका. रात्रभर विसरून झोपणं ही इथली सर्वांत मोठी चूक. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) वस्तूवर, म्हणजे रंध्याच्या लोखंडी अंगावर किंवा वस्तू घट्ट धरायच्या शिकंज्यावर, तर दोन तासांनंतर नजर हवीच. बीड लवकर काळं पडतं.

गंज गेल्यावर वर काळी काजळी उरते. तिला घाबरू नका, ब्रशने निघते.

धोका: बादली झाकून ठेवा. अंगणात गुरं-कोंबड्या असतील तर उंचावर ठेवा. द्रावणात ब्लीचिंग पावडर किंवा दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

## ५. द्रावणातून तेलापर्यंत: एकही खंड नको

हा टप्पा सलग करायचा आहे. फोन आला तर वाजू द्या.

१. दुसऱ्या बादलीत लिटरमागे ३० ग्रॅम खाण्याचा सोडा घोळून ठेवलेला असेल. काढलेलं अवजार सरळ त्यात टाका. बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत, म्हणजे पाच ते दहा मिनिटं, आत ठेवा. ही पायरी गाळली तर खड्ड्यांमध्ये आंबटपणा राहतो आणि आठवड्याने तिथूनच गंज फुटतो. पक्कड, कैची असली सांध्याची अवजारं या पाण्यातच वीस-तीस वेळा उघडझाप करा.

२. सोड्यातच काजळी घासून काढा.

३. कढत पाण्याने धुवा. पाणी जितकं गरम, तितकं लोखंड तापतं आणि स्वतःच्या उष्णतेने सुकतं. गार पाण्याने धुऊन पंख्याखाली ठेवलेलं अवजार सुकायच्या आत पिवळं होतं.

४. कोरड्या फडक्याने पुसा आणि लगेच उन्हातल्या पत्र्यावर ठेवा. एप्रिल-मेमध्ये दहा मिनिटं खूप झाली. पावसाळ्यात केस सुकवायचा ड्रायर किंवा तव्याची मंद ऊब चालेल, पण हात लावता येईल इतपतच तापवा.

५. कोमट असतानाच शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. सांध्यात आधी डिझेलचे दोन थेंब टाकून हलवा म्हणजे अडकलेलं पाणी बाहेर येतं, नंतर तेल.

तपासणी: तासाभराने पांढरं फडकं फिरवून पाहा. करडा डाग पडला तर ठीक. नारिंगी पडला तर सुकवण्यात कसर राहिली. ४०० नंबरचा पेपर तेलात भिजवून घासा आणि पुन्हा तेल लावा. सगळं नव्याने करायची गरज नाही.

उरलेल्या द्रावणात फेस थांबेपर्यंत खाण्याचा सोडा टाका आणि विहिरीपासून, पिकापासून दूर, रिकाम्या जागी ओता.

## ६. फार मुरलेल्या गंजाला वीज

पापुद्र्यांनी सुजलेली कुऱ्हाड किंवा शिकंजा द्रावणाला दाद देत नाही. तिथे बॅटरी चार्जर कामी येतो. ही पद्धत फक्त गंज काढते, चांगलं लोखंड जिथल्या तिथे राहतं. पण जोडणी उलटी झाली तर अवजारच विरघळतं, म्हणून सावकाश वाचा.

प्लास्टिकच्या बादलीत लिटरमागे ५ ते १० ग्रॅम धुण्याचा सोडा घोळा. मीठ कधीच नको, मिठाने क्लोरीन वायू निघतो. बादलीच्या कडेने साध्या लोखंडी सळईचे दोन-तीन तुकडे उभे करा आणि ते तारेने एकमेकांना जोडा. स्टीलचा चमचा, स्टीलची पट्टी वापरू नका, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी आहे. जस्ताचा पत्राही नको. मधोमध अवजार टांगा, सळयांपासून आठ-दहा सेंटिमीटर दूर. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत.

१२ व्होल्टच्या चार्जरचा काळा, म्हणजे वजा चिमटा अवजाराला आणि लाल, म्हणजे अधिक चिमटा सळयांना. जिथे चिमटा लागणार तिथला गंज घासून धातू उघडा करा, नाहीतर प्रवाहच जाणार नाही. काही नवे चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत. तसं झालं तर जुन्या पद्धतीचा साधा चार्जर लागेल. अवजारावर बारीक बुडबुडे दिसले की प्रवाह सुरू झाला. सळईच्या समोरची बाजू आधी साफ होते, म्हणून मध्ये एकदा अवजार फिरवा. सहा ते बारा तास पुरतात. अधूनमधून वीज गेली तरी बिघडत नाही, सोड्याच्या पाण्यात लोखंड गंजत नाही.

धोका: निघणारा वायू हायड्रोजन आहे, पेट घेतो. काम उघड्यावर करा. चिमटे हलवण्याआधी चार्जरची पिन काढा, ठिणगी तिथेच पडते. चार्जर ओल्यात ठेवू नका. ॲल्युमिनियमचा भाग असलेलं अवजार यात घालू नका. पातळ करवत आणि स्प्रिंगांना ही पद्धत नको, त्यांना लिंबूफूलच.

बाहेर काढल्यावर काळी काजळी घासा आणि टप्पा ५ मधल्या कढत पाण्यापासून पुढे चला.

## ७. घासणं आणि चकाकी

किती चकाकी हवी हे अवजाराच्या कामावर ठरवा. पावड्याला, कुऱ्हाडीच्या पाठीला आरशासारखं करण्यात अर्थ नाही. खुरप्याचं पातं जितकं गुळगुळीत, तितकी काळी चिकट माती त्याला कमी धरते, तिथे मेहनत फळते.

१२० नंबर फक्त खडबडीत जागी, मग २२०, मग ४००. पेपर नेहमी एकाच दिशेने, पात्याच्या लांबीत चालवा. पेपरखाली लाकडी ठोकळा धरा, नुसत्या बोटांनी घासल्यास कडा गोल होतात. नंबर बदलताना आधीची भुकटी पुसा. एक जाड कण राहिला तरी ओरखडे पडतात. कारखान्याचा ठसा, आकडे यांच्यावरून पेपर फिरवू नका, तिथे पितळी ब्रश पुरे. दातेरी विळ्याच्या दातांवरही पेपर नको. ब्रश दातांच्या दिशेनेच ओढा.

पटाशी आणि रंध्याच्या पात्याकडे जास्त लक्ष लागतं. यांची धार दोन बाजू मिळून बनते, उतरती आणि सपाट. लोक उतरती बाजू घासतात आणि सपाट बाजूकडे पाहतच नाहीत. सपाट बाजूच्या टोकाला, शेवटच्या तीन-चार मिलिमीटरमध्ये गंजाचे खड्डे असतील तर धार कायम करवतीसारखी तुटक येते. काचेच्या जाड तुकड्यावर वॉटर पेपर चिकटवून सपाट बाजू टेकवून घासा, ती जागा एकसारखी चमकेपर्यंत. खड्डा खोल असेल तर टोकाकडून पातं तेवढं मागे घासणं एवढाच उपाय आहे. घासताना सारखं पाण्यात बुडवा.

हातोडा आणि छिन्नीच्या डोक्यावर लोखंड पसरून फुलासारखं झालं असेल तर ते आत्ताच कानसून टाका. धार लावणं मात्र सगळ्यात शेवटी.

## ८. दांडा आणि मूठ

जुना रंग काचेच्या तुकड्याने खरवडा, १२० आणि २२० चा पेपर मारा. वर रंगाच्या दुकानात मिळणारं जवसाचं उकळलेलं तेल पातळ लावा, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसा, एक दिवस सुकवा. असे तीन हात. शेंगदाण्याचं तेल लावलेली मूठ महिनोन्‌महिने चिकट राहते.

सैल दांडा पाण्यात भिजवून घट्ट करायची रीत सर्रास आहे. लाकूड फुगतं, नेढ्यात दबून चेपतं आणि सुकलं की आधीपेक्षा सैल होतं. सुकलेल्या बाभळीची पाचर ठोका.

धोका: जवसाच्या तेलाची चिंधी बोळा करून टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेटतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, आणि घरात कापूस साठवलेला असताना, हा धोका फार मोठा आहे. चिंधी उघड्यावर पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

## ९. शेवटचा थर आणि ठेवायची जागा

रोज वापरातल्या अवजाराला मशीन तेलाचा पातळ हात पुरतो. पावसाळाभर पडून राहणाऱ्याला मेणाचा थर द्या. एक भाग मधमाशीचं मेण आणि तीन भाग जवसाचं तेल. डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा, सरळ जाळावर नको. अवजार उन्हात गरम करा, मेण चोळा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा. भाजी-फळं कापायच्या कोयत्याला मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन लावा.

गाडीचं जळकं ऑइल अवजारांना फासायची पद्धत गावोगाव आहे. गंज त्याने थांबतो हे खरं, पण त्यात कर्करोगाला कारण ठरणारी रसायनं असतात आणि ती कातडीतून आत जातात. मुठीला आणि चारा-भाजी कापणाऱ्या पात्याला तर ते कधीच लावू नका. नव्या इंजिन ऑइलमध्ये थोडं डिझेल मिसळलं तरी तेच काम होतं.

साफ केलेलं अवजार खताच्या गोण्यांजवळ ठेवू नका. युरिया हवेतली ओल ओढतो, आणि पोटॅश म्हणून मिळणारं खत हे क्लोराइडच असतं. अशा खोलीत मेणाचा थरही फार दिवस टिकत नाही. मातीच्या जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवणंही टाळा. लाकडी फळीवर खिळे मारून टांगा.

खंडेनवमीला अवजारांना हळद-कुंकू लागतं. ओलं हळद-कुंकू तसंच राहिलं तर त्याच्या आकाराचा गंजाचा डाग पडतो. पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवा. दसऱ्यानंतर पहाटे दव पडायला लागतं आणि गार लोखंडाला घाम सुटतो, त्यामुळे तेलाचा तोच हात थंडीभर कामी येतो.